मास बंक

“उद्याच्या जादा तासाला मास बंक! सगळ्यांनी कट्ट्यावर बसायचं, आत जाईल तो गद्दार!” रेवाने वर्गात दणकून सांगितलं. “माझी हजेरी आधीच कमी आहे गं,” सुमेध कुरकुरला, तेव्हा तिने सगळ्यांदेखत त्याला भित्रा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तासाची वेळ झाली, तरी रेवाच कट्ट्याकडे फिरकली नाही. कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर चहा निवत होता आणि ती सारखी घड्याळ बघत होती. हजेरी तिचीही काठावरच होती. शेवटी तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती मागच्या दाराने वर्गात शिरली.

अख्खा वर्ग खाली मान घालून बसला होता.

“सुमेध गायधनी?” सरांनी पुकारलं. उत्तर आलं नाही.

रेवाने खिडकीतून पाहिलं. कट्ट्यावर तो एकटाच बसला होता. शेजारी सॅक ठेवून त्याने तिची जागा धरली होती.