आप्पासाहेबांची पुडी

"किती वरसं झाली दम्याला?" आप्पासाहेबांनी नाडीवर बोट ठेवत विचारलं.

कावेरीबाई त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. गेल्या उन्हाळ्यात ह्याच बैठकीत ती आपल्या लेकाला, माउलीला, घेऊन बसली होती. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला असलेलं, एकुलतं एक लेकरू. "दम्याच्या पंपानं फुप्फुसं आळशी होतात. आधी तो फेका, मग माझी पुडी," असं ह्याच तोंडानं सांगितलं होतं. माउली ऐकेना, तेव्हा तिनं त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. थंडी पडली आणि माउली गेला. दवाखाना गाठायच्या आत, रिक्षातच, आईच्या मांडीवर.

आणि ह्या माणसाला तिचा चेहराही आठवत नव्हता.

तिच्या पदराखाली दगड होता. बाहेर अंगणात आणि पार रस्त्यापर्यंत माणसं बसली होती. त्यांच्यादेखत ह्याचं डोकं फोडायचं, असं ठरवूनच ती कंधारहून उदगीरच्या गाडीत बसली होती. पण दगड हातातच राहिला. डोकं फुटलं तर लोक ह्याला देव करून टाकतील, हे तिला त्या घडीला लख्ख दिसलं.

"मला दमा न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "मागं कुणी उरलं न्हाई. काम असलं तर बघा."

ती तिथंच राहिली. पेशंटांचा स्वयंपाक करायची, अडुळशाचा काढा उकळायची, चूर्णाच्या पुड्या बांधायची. बोलायची कमी. सहा महिन्यांत आप्पासाहेबांचं तिच्यावाचून पान हलेना.

एका दुपारी ती चहा घेऊन आतल्या खोलीत गेली. आप्पासाहेब पाठमोरे उभे होते. मान वर, हात तोंडाशी. आणि तो आवाज आला, फुस्स. तिच्या घरात, माउलीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. तिनं कप खाली ठेवला.

आप्पासाहेबांनी हात झटकन खिशात घातला. "घसा धरलाय जरा."

"हाव," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं सुंठ अशी कुटली, की खलबत्त्याचा आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला.

पुढं पावसाळ्याच्या तोंडाशी आप्पासाहेबांची नात तनुजा लातूरहून राहायला आली. लेकीचं आणि जावयाचं बिनसलं होतं, म्हणून पोर आजोबांकडं. हुशार, बडबडी, आणि आल्यापासून छातीत घरघर. आप्पासाहेब दुसऱ्या कुणाशी हसून बोलत नसत. ती दिसली की त्यांचा चेहराच बदलायचा. कावेरीबाईनं ते पहिल्याच दिवशी हेरलं.

"आप्पा, पोरीला माझ्याकडं द्या," ती म्हणाली. "पुडी, काढा, पथ्यपाणी, समदं मी बघते. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका."

आप्पासाहेब घुटमळले. "लेकराचा जीव हाय, कावेरीबाई. पण पंप दिलेला लोकांनी बघितला तर..."

"लेकराचा जीव काय असतो, ते मला ठाव हाय."

तेव्हापासून तनुजा तिच्याच कुशीत झोपू लागली. सकाळी अंगणात बसवून कावेरीबाई तिला लांब श्वास घ्यायला लावायची. दही बंद, केळी बंद, चुलीच्या धुरात यायला बंदी. बाजारच्या दिवशी तिला बोटाशी धरून गावातून उदगीरला न्यायची. आप्पासाहेब दारातून बघत. त्यांना वाटायचं, ह्या बाईला आपल्या घराची खरी माया हाय.

पावसाळा सरला. थंडी आली. आणि तनुजाची घरघर थांबली. पोर लिंबाच्या झाडावर चढायला लागली, शाळेच्या खेळांत धावून बक्षीस घेऊन आली. पेशंट तिच्याकडं बोट दाखवून हात जोडायचे. पण सगळ्यांत जास्त नवल आप्पासाहेबांनाच वाटत होतं.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "कावेरीबाई, खरं सांगा. आपल्या औषधानंच ना?"

"तुमचाच काढा पिते, तुमचंच पथ्य पाळते," ती म्हणाली. "का? तुमचाच इश्वास न्हाई का आप्पा तुमच्या औषधावर?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. दोन दिवस गेले. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "बापानं ही विद्या दिली, अन् मीच आतून तिला खोटं समजत आलो. उद्यापासून मलाबी पुडी द्या."

तिनं दिली. मधात कालवून, रोज, वेळच्या वेळी. आप्पासाहेबांनी आपला पंप स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकला.

माहूरचा नवस त्यांचाच. पोर बरी झाली, तर रेणुकामाईच्या पायऱ्या चालत चढायच्या. नांदेडमार्गे जीप करून तिघं गेले. तनुजा हरणासारखी पुढं पळाली. आप्पासाहेब कौतुकानं बघत, एकेक पायरी चढत राहिले. शेजारी कावेरीबाई होती.

अर्ध्यावर ते थांबले. कठड्याला धरून खाली बसले. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली.

"पुडी..."

तिनं पुडी सोडून त्यांच्या जिभेवर ठेवली. पाणी पाजलं. भाविक बाजूनं जात राहिले. म्हातारा दमला असेल, एवढंच त्यांना वाटलं.

पुडीनं काही होईना. ओठ निळे पडायला लागले. आप्पासाहेबांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"पंप... कुणाकडं तरी... पंप..."

कावेरीबाई त्यांच्याजवळ खालच्या पायरीवर बसली. पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम हळुवार पुसला.

"हाय की, आप्पा," ती म्हणाली. "ज्यानं तुमची तनुजा बरी झाली, तो तिच्या झग्याच्या खिशातच हाय. वर पोचली बघा ती."