दोन डावे पंख

टेम्पोतून पंख उतरवला, गुंडाळलेल्या चादरी सोडल्या आणि धाकट्याचा चेहराच उतरला. दादाने डावा पंख केला होता. डावा तर धाकट्याने स्वतः केव्हाच करून विमानाला लावलाही होता. हवा होता उजवा.

चूक दादाची म्हणावी, तर थोडी नकाशाचीही होती. त्या जुन्या नकाशात पंख एकाच बाजूचा काढलेला होता, डावा. दुसरा आरशात बघितल्यासारखा उलटा करून घ्यायचा. दुसरा पंख दादाकडे सोपवताना हे धाकट्याने त्याला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर कपाटांना डावी-उजवी दारं बसवणाऱ्या सुताराला असलं काही सांगायचं म्हणजे त्याचा अपमानच. पण मध्ये दादाचं दुखणं वाढलं, आणि दुखण्याने माणसाचं काय काय नेलं ते बाहेरून कुठे दिसतं.

शेडमध्ये विमान उभं होतं. दोन इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानाची हुबेहूब प्रतिकृती, मूळ विमानाच्या चौथ्या हिश्श्याएवढी. नाकापासून शेपटीपर्यंत सोळा फूट, आत अठ्ठावीस खुर्च्या, खिडक्यांना पडदेसुद्धा. टेम्पोवाला ते बघून पार खूश झाला होता.

"साहेब, आता एक छोटासा विमानतळही बांधून टाका," तो म्हणाला. "म्हणजे आमच्या टेम्पोला रोजचं भाडं."

वहिनी हसली. अकरा फुटांचा तो पंख दोन्ही हातांनी धरून ती टेम्पोच्या मागच्या बाजूलाच बसून आली होती. दादा जाऊन महिना झाला होता. उद्या सकाळच्या गाडीने ती मुलीकडे राहायला जाणार होती, कायमची.

"लावा ना भाऊजी," ती म्हणाली. "एकदा लावलेला बघते आणि निघते. शेवटच्या पट्ट्या मीच चिकटवल्यात. हे नुसते पडल्या पडल्या बोट दाखवायचे, आणि जरा इकडचं तिकडे झालं की ओरडायचे."

"तुमच्यावर?"

"मग काय डिंकावर?"

धाकट्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले म्हणून तो उगाच पाना शोधत बसला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने आठ महिने खपून एवढा पंख केला होता, फासळी न फासळी हाताने कापून. तो नको त्या बाजूचा झालाय, हे या बाईला आज सांगायचं? उद्या गाडीत ती तेवढंच बरोबर घेऊन जाईल. काहीही झालं तरी हे तिला कळता कामा नये, असं त्याने ठरवलं.

"जरा घोटाळा झालाय वहिनी," तो म्हणाला. "माझाच पंख चुकलाय. दादाचा बरोबर आहे. आधी माझा उतरवतो."

खोटं बोलणं त्याला कधीच धड जमलं नव्हतं, म्हणून तो विमानाकडे तोंड करून बोलला.

बारा बोल्ट होते. टेम्पोवाल्याने खालून पंख तोलून धरला आणि धाकट्याने एकेक बोल्ट सोडवला. दोन वर्षं खपून केलेला स्वतःचा पंख त्याने भिंतीला टेकवून ठेवला आणि त्या जागी दादाचा लावला. स्वतःचा बसवताना त्याला दोन दिवस कानस चालवावी लागली होती. दादाचा सरकन बसला. मध्ये कागद जाईल एवढीही फट नाही. सुताराचा हात तो सुताराचा हात, आणि तो हात आता नव्हता.

वहिनी जवळ आली. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तिने सावकाश हात फिरवला.

टेम्पोवाला घाम पुसत भिंतीपाशी उभा होता. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

"पण साहेब, हा आणि तो तर एकसारखेच दिसतात की."

धाकट्याने त्याच्याकडे असं काही बघितलं, की बिचारा ताडपत्री बांधायचं निमित्त काढून बाहेर सटकला.

"एकसारखेच आहेत," वहिनी म्हणाली. तिचा हात अजून पंखावरच होता. "चादर काढल्यावर तुमचा चेहरा बघितला, तेव्हाच कळलं मला."

धाकट्याने पाना खाली ठेवला.

"निम्मा झाल्यावर यांना शंका आली होती. डावा की उजवा, डोक्यात राहतच नव्हतं त्यांच्या. म्हणाले, त्याला विचार. यांच्याच फोनवरून दोनदा लावला मी तुम्हाला. तुम्ही उचलला नाहीत."

फोन धाकट्याने बघितला होता. समोर टेबलावरच वाजत होता. दादाला एक वाक्यही धड पुरं करता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तो तुटका आवाज ऐकायची त्याची छाती झाली नाही. दोन्ही वेळा फोन वाजायचा थांबेपर्यंत तो शेपटीला रंग देत राहिला. नंतर करू, असं म्हणाला. नंतर केला नाही.

"मग?" त्याने कसंबसं विचारलं. "दादा काय म्हणाला?"

"अडखळत अडखळत म्हणाले, कामात असेल तो. आपण आपला करून टाकू. चुकला तर घेईल सांभाळून, धाकटा आहे माझा."