उतारावरच्या टापा

सिंगापुरातल्या त्या जुन्या ब्रुअरीच्या तबेल्यात पूर्वी घोडे वरच्या मजल्यावर बांधत. दोन भिंतींमधल्या, एका घोड्यापुरत्या उतारावरून ते खाली येत. उतारावरच्या तुळईला वाळवी लागल्याचं, दुरुस्तीच्या कामावर असलेल्या वल्लरीच्या बाबांनी तीनदा लिहून दिलं होतं. तरी मालक चारुदत्तने त्यांना तिथेच कामाला पाठवलं, आणि तुळई कोसळून ते गेल्यावर चूकही त्यांचीच ठरवली.

आज तिथे त्याचं रेस्टॉरंट उघडत होतं.

"ये वल्लरी, बाबांच्या आठवणीत एक फोटो होऊन जाऊ दे," उतारावर उभा राहून तो म्हणाला.

वरच्या रिकाम्या मजल्यावर टापा वाजल्या. सावकाश, जड. मग त्या उताराकडे वळल्या.

"स्पीकर लावलाय की काय कोणी?" तो हसला.

उतरणाऱ्या घोड्याच्या वाटेत उभं राहू नये, त्याला थांबता येत नाही, असं बाबा सांगत.

वल्लरीने बाहेर येऊन खालचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.