झोपेतले हात

झोपेत माणसाचे हात स्वप्नातलंच काम करतात, असं डॉक्टरीणबाईंचं संशोधन सांगत होतं. आज दुपारी काचेपलीकडे एक आजोबा गाढ झोपले होते आणि त्यांचा उजवा हात हवेत संथपणे मागेपुढे होत होता.

“झोका देतायत, मॅडम! घरी नातू असेल,” टेक्निशियन हसला.

“एकटेच राहतात ते.”

तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन आला. “अगं, बाळाचा पाळणा आपोआप हलतोय. मी धरला तरी थांबेना!”

डॉक्टरीणबाई ओरडल्या, “आई, आधी बाळाला उचला!”

काचेपलीकडचा हात थांबला. मिटल्या डोळ्यांनीच आजोबांनी दोन्ही हात पुढे केले, अलगद काहीतरी उचललं आणि छातीशी धरलं.

“थांबला गं पाळणा,” सासूबाई म्हणाल्या, “पण... आत बाळ नाही!”

आजोबांच्या खोलीतल्या माइकवरून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी ते लगेच ओळखलं.