छान म्हणजे पुसायचं

खुट्ट. कपाटाची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. ती कॉम्प्युटरवरून उठून धावली. तिचे वडील कपड्यांचं कपाट उघडून आत पाय टाकायच्या बेतात होते. ओळीनं टांगलेल्या शर्टांकडे अवघडून बघत होते. पायजमा ओला झाला होता.

आठवड्यातली ही चौथी खेप. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवून कपड्यांवर कधी ठिपका पडू न दिलेला हा माणूस. आता तो तिची नजर चुकवून भिंतीला धरून उभा होता. नवऱ्यानं मोठ्यांचे डायपर आणून ठेवले होते. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाला होता. तिनं रविवारपर्यंत मुदत मागून घेतली होती. घरात चार दारं आणि एक कपाट, सगळी पांढरी, एकसारखी. चुकणारच की माणूस. आणि ती पोटासाठी करते काय, तर मोठमोठ्या इमारतींत कुठे वळायचं ते सांगणाऱ्या पाट्यांची डिझाइनं!

ढमी, तिची पाच वर्षांची लेक, शाळेतून यायला तास होता. तेवढ्यात तिनं पाटी केली. वडिलांच्याच वळणाची अक्षरं काढली. भरदार, गोलसर, निळी, कडेला सोनेरी सावली. शब्द एवढाच, 'संडास', पण थाट काय! काढताना टर्पेंटाइनचा वास नाकात शिरल्यासारखा झाला. लहानपणी खडू लावलेल्या दोरीचं एक टोक तिच्या हातात असायचं. ताण, वडील म्हणायचे. दोरी फळीवर टणकन आपटायची आणि पांढरी रेघ उमटायची. त्या रेघेवर तिनं काढलेली अक्षरं ते रस्त्यापलीकडे जाऊन, डोळे किलकिले करून बघायचे. फार तर 'चालेल' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी वडील संडासाच्या दारावरच्या पाटीसमोर थांबले. मान तिरकी केली. रंगाला लागणार नाही असं बोट अक्षरांवरून फिरवलं.

"छान," ते म्हणाले. "कुणी काढलंय? हात चांगला आहे."

उभ्या जन्मात पहिल्यांदा. बाबा, मी काढलंय, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. ते अजून तिथेच उभे होते, सोनेरी कड निरखत. पायाशी फरशीवर थेंब पडत होते.

पुसता पुसता तिला आठवलं. गिऱ्हाईक पाटीपुढे थबकून 'छान' म्हणालं की वडिलांचा चेहरा उतरायचा. फडकं तिच्या हातात देत ते म्हणायचे, "छान म्हणजे पुसायचं. माणसाला दुकानात शिरायचं असतं, पाटीत नाही."

तिनं पाटी उतरवली. ढमीच्या दोन दुपारच्या झोपांत ते एकच दार पिवळंधमक रंगवलं. वडील आता वाकून चालतात, म्हणून शब्द खाली, छातीच्या उंचीवर लिहिला. जाड, काळा, साधा. मग घरातल्या बोळाच्या टोकाला जाऊन डोळे किलकिले केले. दुसरं काही उरलं नाही, दार उरलं.

रविवारी सकाळी वडील खोलीतून निघाले. मायलेकी स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभ्या. वडील थांबले नाहीत. मान वर केली नाही. सरळ पिवळ्या दारातून आत गेले. जरा वेळानं पाण्याचा आवाज आला. हात पुसत बाहेर आले ते कोरडे, ताठ, जुन्या दिवसांसारखे. दाराकडे वळूनही न बघता खोलीत निघून गेले.

तिनं डायपरचं पाकीट माळ्यावर टाकलं. ढमी मात्र दारापाशी जाऊन कोपरे धुंडाळत होती. स्वतःच्या प्रत्येक चित्राखाली ती नाव घालते, वेलांटी भलतीकडे गेली तरी.

"आई, तू नाव नाही घातलंस," ती म्हणाली. "मग आजोबांना कसं कळणार, तूच काढलंयस ते?"