राहेलला आलेली पत्रं

नागावात बेने इस्रायलींचं आता एकच घर उरलं होतं, निवृत्त शिक्षिका दीनाबाईंचं. एका शुक्रवारी इस्रायलहून आलेली नोआ नावाची मुलगी पत्रांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"आजीच्या पेटीत सापडली," ती इंग्रजीतून म्हणाली. "आजी गेली. आमच्याकडे मराठी कुणालाच वाचता येत नाही. तिची इथली माणसं कोण होती, एवढं तरी सांगाल?"

चष्मा लावून दीनाबाई ओळीओळीने अर्थ सांगू लागल्या. "प्रिय राहेल, तू बोटीत बसलीस तेव्हापासून आई नीट जेवत नाही. माझी दीना आता रांगते. काल तुझी जुनी चप्पल चोखत बसली होती. कितीही ओरडलं तरी हसते लबाड..."

दीनाबाईंना पुढचं दिसेना. त्या दोन वर्षांच्या असतानाच त्यांची आई वारली होती. तिचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"ही दीना म्हणजे मीच गं, पोरी," त्या मराठीतच बोलून गेल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "तुझी आजी माझी सख्खी मावशी."

संध्याकाळी दीनाबाईंनी शब्बाथचा दिवा लावून प्रार्थना म्हटली. कित्येक वर्षांनी शेजारून कुणीतरी "आमेन" म्हणालं.