भुकेचं बटण

“मॅडम, ते भुकेचं बटण दाखवा ना,” विनिता म्हणाली. बसायच्याही आधी.

पर्समधून पेपरचं कात्रण काढून तिने टेबलावर ठेवलं. त्यात डॉ. अनुपमाचा फोटो होता, हातात पांढरा उंदीर. मेंदूत झोप, जाग आणि भूक एकमेकींना कशा हलवतात, हे अनुपमा विक्रोळीच्या या संस्थेत नऊ वर्षं उंदरांवर तपासत होती. ‘भुकेचं बटण सापडलं’ हा मथळा तिचा नव्हता. असं कात्रण घेऊन आलेली ही या महिन्यातली चौथी आई. पहिली येऊन गेली तेव्हा अनुपमाला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता जात होतं.

तिने फाइल मागितली. दिशा, वय अकरा. दोन वर्षांपूर्वी मेंदूतली गाठ काढली. गाठ पूर्ण निघाली. वजन तेव्हा अठ्ठावीस किलो, आता चौऱ्याहत्तर.

दिशा शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं.

“दिवसभर अशीच पेंगते,” विनिता सांगू लागली. “जाग आली की खायला मागते. ताटावरून उठली की परत मागते. चारकोपला वन रूम किचन आहे आमचं. किचनला कुलूप लावलंय. परवा देवापुढचे तांदूळ खाल्ले, कच्चे. रडते ना, ते बाहेर ऐकू जातं. बाजूची म्हणते, आई पोरीला उपाशी ठेवते.”

ती एका सुरात बोलत होती. आवाज कुठे चढत नव्हता, कुठे अडकत नव्हता.

अनुपमाने कॉम्प्युटरची स्क्रीन तिच्याकडे वळवली. आतल्या खोलीतला एक पिंजरा दिसत होता. त्यात पोटभर खाऊन झोपलेला उंदीर, डोक्याला बारीक तार जोडलेली.

अनुपमाने कळ दाबली. तारेत निळा उजेड पेटला. उंदीर ताडकन उठला, खाण्याच्या वाटीपाशी गेला आणि बकाबक खाऊ लागला.

“पोट भरलेलं असताना?”

“हो. भूक लावणाऱ्या पेशी उजेडाने जाग्या केल्या. पोटाला कोणी विचारलंच नाही.”

“सेम आमच्या दिशासारखं.” विनिता खुर्ची पुढे ओढून बसली. “मग हिचं फक्त बंद करायचंय ना?”

या जागी अनुपमा नेहमी म्हणायची, संशोधन चालू आहे, दहा-बारा वर्षं लागतील. ते वाक्य तिच्या ओठांवर होतं. ते तिने का म्हटलं नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“उंदराचा मेंदू शाबूत आहे, ताई. पोट भरलं, हे सांगणारा भाग दिशाच्या मेंदूतून गाठीबरोबर गेला. तो परत कसा आणायचा, हे मला येत नाही.”

“दुसऱ्या कोणाला?”

“माझ्या माहितीत तरी नाही.”

विनिताने मान हलवली, बसचा नंबर समजल्यावर हलवावी तशी. कात्रणाची आहे तीच घडी केली आणि ते पर्समध्ये ठेवलं. स्क्रीनवर उंदीर खातच होता.

“त्याचं तरी बंद करा,” विनिता म्हणाली. “फुटेल बिचारा.”

अनुपमाने उजेड बंद केला. उंदीर थांबला. तोंडातला तुकडा तसाच खाली पडू दिला, पुढच्या पायांनी मिशा पुसल्या. मग वाटी भरलेली सोडून कोपऱ्यातल्या कापसात शिरला, अंगाचं मुटकुळं केलं आणि डोळे मिटले.

दोघी बघत राहिल्या.

दिशा कधी जागी झाली, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती आधी वाटीकडे बघत होती, मग उंदराकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

“आई,” तिने हळूच विचारलं, “त्याला बरं नाहीय का?”